पाट्यावरची विजया

भांगेचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यापुढे प्रथम जी कागदपत्रे येतात, ती बहुतेक अबकारी खात्याची असतात. मक्ते, लिलाव, परवाने, कोठारे, जप्त्या आणि दंड यांच्या नोंदींनी भरलेली ती दप्तरे चाळता चाळता वाचकाचा असा ग्रह होऊ लागतो, की ही वनस्पती शेतातून निघाली ती थेट मक्तेदाराच्या दुकानात गेली, आणि तेथून निघाली ती वेड्यांच्या इस्पितळात अथवा फौजदारी कचेरीत. गांज्याविषयी हे काही अंशी खरे असेल. भांगेविषयी ते खरे नाही. गांजा चिलमीतून ओढावयाचा, चरसही तसाच. त्यांना चूल लागत नाही, पाटा लागत नाही, दूध-तूप-साखर लागत नाही, आणि घरातील माणसेही लागत नाहीत. भांग मात्र निवडावी लागते, धुवावी लागते, भाजावी किंवा उकळावी लागते, वाटून गाळावी लागते, आणि एवढे सगळे झाल्यावर ती चार जणांत वाटून घ्यावी लागते. ती स्वयंपाकघरातील वस्तू आहे. शतकानुशतके तिला जे काही वळण लागले ते पाककृतीने, पंचांगाने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेने लावले, असे माझे मत आहे. सरकार या प्रकरणात फार उशिरा आले, आणि आल्यावरही त्याला या पाल्यावर कधी पुरता अंमल बसवता आला नाही.

एकाच झुडपाची ही तीन रूपे. मादी झाडाचे, बी न धरू दिलेले फुलोरे म्हणजे गांजा. त्याच फुलोऱ्यावर येणारी चिकट राळ म्हणजे चरस. आणि झाडाचा वाळवलेला पाला म्हणजे भांग, हिलाच विजया असेही म्हणतात. गांज्याची लागवड हे कसबाचे काम. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नवगाव, मध्यप्रांतात निमाडातील खांडवा आणि मुंबई इलाख्यात मुख्यत्वे अहमदनगर जिल्हा ही त्याची ठिकाणे होती. शेतातली नर झाडे वेळीच ओळखून उपटली नाहीत तर सारे पीक बियांनी भरून जाते, म्हणून नवगावकडे या एका कामासाठी पारखी माणसे शेतोशेत फिरत असत आणि त्यांच्या नजरेवर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असे. चरस तर परमुलखातला माल. तो यारकंदहून लेहच्या वाटेने, हिमालयाच्या खिंडी ओलांडून पंजाबात उतरे. अशा मालावर नाकी बसवता येतात, वजन करता येते, मोहोर लावता येते. भांगेचे तसे नव्हते. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात ती रानोमाळ आपोआप वाढते, आणि इतरत्रही परसातल्या केळीआड चार रोपे लावली तर कोणत्याही कारकुनाच्या नजरेस पडू नयेत इतकी ती साधी दिसते. मक्तेदाराने तिला गाठावे तरी कोठे?

आपल्याकडे कोणत्याही गोष्टीचे मूळ वेदांत नेऊन भिडविण्याचा सोस मोठा आहे, आणि भांगही त्यातून सुटलेली नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम ज्यांचा अग्रणी आहे अशा पाच वनस्पतींत भंगा मोजली आहे हे खरे. परंतु तेथे तिच्या मादकतेची अक्षरानेही वाच्यता नाही, आणि ती तेथे तंतूसाठी आली, औषधीसाठी आली, की आणखी कशासाठी, याविषयी विद्वानांचे एकमत झालेले नाही. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतही मादक द्रव्य म्हणून भांगेचा निःसंदिग्ध आढळ होत नाही. तिचे स्पष्ट दर्शन घडते ते पुष्कळ पुढे. इसवी सनाच्या तेराशेच्या सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत तिची गणना अफूच्या जोडीने ‘व्यवायी’ द्रव्यांत, म्हणजे पचण्यापूर्वीच सर्व शरीर व्यापून टाकणाऱ्या द्रव्यांत केलेली आहे. आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राने ती कफहारक, पाचक, ग्राही, तीक्ष्ण, उष्ण, पित्तकारक अशी वर्णून, मोह, मद, वाणी आणि जठराग्नी या चारही गोष्टी ती वाढविते असे नमूद केले आहे. भावमिश्राच्या त्या यादीपेक्षा अधिक नेमके वर्णन अजून माझ्या वाचनात नाही: भांग चढलेला मनुष्य भ्रमतो, झिंगतो, अखंड बडबडतो आणि दोन माणसांचे जेवण एकटा जेवतो.

येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की वैद्यांनी तिला जे रूप दिले ते बहुधा खाद्याचे होते. मदनमोदक, कामेश्वरमोदक ही नावेच पाहावीत. मोदक म्हणजे तूप, साखर आणि सुगंधी द्रव्ये यांचा गोळा. म्हणजे औषधशाळेने येथे स्वयंपाकघराचीच रीत उचलली. जुनाट संग्रहणीवर वैद्य जे जातिफलादि चूर्ण देत, त्यात जायफळादी औषधांच्या सोबतीला भांग भरपूर असे. आमच्या दक्षिणेतील पांढरपेशा घरांनी भांगेकडे सदैव नाक मुरडले. परंतु त्याच घरांतील सोवळ्या आजीबाई वैद्यबुवांनी दिलेल्या पुडीतून ती मधाबरोबर चाटीत होत्या, आणि वर पुडीच्या गुणाची तारीफही करीत होत्या.

या घरगुती व्यवहाराची पहिली तपशीलवार छापील साक्ष मिळते ती गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली मार्टिम आफोन्सो द सौझा याच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानात आला, गोव्यात स्थायिक झाला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची वैद्य म्हणून जा-ये राहिली, आणि १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात येथील औषधी वनस्पतींचे असे वर्णन आले, की पुढे शे-दीडशे वर्षे युरोपातील वनस्पतीशास्त्रज्ञ त्यावरच गुजराण करीत राहिले. त्या ग्रंथात एक प्रकरण भांगेवर आहे. पाला कुटून, कधी त्यात बीही मिसळून ती करतात. काही लोक तीत कोवळी सुपारी घालतात. ज्यांची ऐपत असेल ते जायफळ, जायपत्री, लवंग, भीमसेनी कापूर, अंबर, कस्तुरी, आणि कोणी अफूसुद्धा मिसळतात, असे तो सांगतो. ही यादी वैद्याच्या बटव्यातली वाटत असली तरी तिची घडण पानदानाची आणि मुदपाकखान्याची आहे. गरिबाची भांग सुपारीवर भागते आणि उमरावाच्या भांगेत कस्तुरी पडते, हा भेद मादकतेचा नव्हे, दस्तरखानाचा आहे. ओर्ताने स्वतः ती चाखली नाही. मात्र त्याचे नोकर त्याच्या नकळत ती घेत, आणि काम केल्याचा शीण वाटत नाही, चित्त प्रसन्न राहते आणि खाण्याची वासना वाढते, असे त्यांनी त्याला मागाहून कबूल केले.

याच प्रकरणात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची हकीकत आहे. रात्रीच्या वेळी पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण येथे जावेसे वाटले, तर आपण थोडी भांग घेतो म्हणजे झाले, असे त्याने द सौझाला सांगितले होते. ही भांग म्हणजे साखर-मसाल्यांचा गोड पाक, ज्याला आपण माजूम म्हणतो तो. सुलतानाचा पोर्तुगालचा प्रवास असा रात्रीपुरता आणि बिनखर्ची होत असे. पोर्तुगालची माणसे मात्र खरोखरीच त्याच्या दारी आली होती, आणि १५३७ च्या फेब्रुवारीत दीवच्या समुद्रात त्यांच्याच हातून त्याचा अंत झाला. आणि ओर्ताच्या वाट्याला काय आले? तो जन्माने यहुदी वंशाचा, वरकरणी ख्रिस्ती. त्याच्या मृत्यूनंतर १५८० साली इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून गोव्यात जाळल्या. ज्या शहरात त्याने हे पुस्तक छापले, त्याच शहरात.

माजूम हा मोगलांच्याही घरातला. बाबराच्या आत्मचरित्रात माजुमाच्या बैठकींचे उल्लेख जागोजाग येतात, आणि त्यांतला विशेष हा, की त्याने मद्याचा आणि माजुमाचा बेत सहसा एके ठिकाणी मिसळू दिला नाही. मद्यपी आणि माजूमखाऊ एका मैफलीत बसले म्हणजे बोलण्याचा सूर जुळत नाही, हे त्याने अनुभवाने ओळखले होते. हाच गोड पाक अरबी मुलखातून पश्चिमेकडे सरकत मोरोक्कोपर्यंत पोहोचला, आणि तेथील रिवाज पाहून विसाव्या शतकात पाश्चात्त्यांनी आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत त्याला जागा दिली, तेव्हा त्यांना आपण काही अपूर्व शोध लावला असे वाटले. असो.

नवख्यांची फजिती हा भांगेच्या इतिहासातला सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक भाग आहे, आणि तिची एक बखर टॉमस बाउरी नावाच्या इंग्रज खलाशाने लिहून ठेवली आहे. १६६९ ते १६७९ या काळात तो बंगालच्या उपसागराच्या काठाने व्यापार करीत हिंडत होता. त्याचे हस्तलिखित १९०५ साली प्रसिद्ध झाले. एतद्देशीय लोक भांग पितात ते काय असते हे पाहावे म्हणून त्याने व त्याच्या सोबत्यांनी बाजारातून ती विकत आणली, ती नीट कालवून देण्यासाठी एका फकिराला त्याचा वाटा कबूल करून बोलावून घेतले, आणि आपली शोभा परक्यांनी पाहू नये म्हणून दारेखिडक्या घट्ट लावून प्रत्येकाने एक एक पाइंट रिचविला. पुढे जे झाले ते असे: एक जण जमिनीवर बसून संपूर्ण दुपार हमसून हमसून रडला, दुसऱ्याने भयाने आपले डोके एका मोठ्या रांजणात खुपसले आणि चार तास तसेच ठेवले, चारपाच जण गालिच्यावर आडवे होऊन एकमेकांची बादशहासारखी स्तुती करीत राहिले, एक भांडखोर निघाला, त्याने पडवीच्या लाकडी खांबाशी अशी मारामारी केली की बोटांच्या पेरांवर कातडी उरली नाही, आणि खुद्द बाउरी आणखी एकासह तीन तास घामाने निथळत बसला. फकीर मात्र दाराबाहेर बसून, आपण आग्र्याच्या राजवाड्याच्या दारी आहो अशा समजुतीने, या सर्वांना राजे म्हणून हाका मारीत गात होता.  या हकिकतीत गंमत आहे. परंतु तीत शहाणपणाच्या दोन गोष्टीही आहेत, त्या दुर्लक्षून चालणार नाहीत. या मंडळींनी ती जाणत्या माणसाकडून करवून घेतली, आणि ती बाहेर भटकली नाहीत. एवढे केले म्हणून ते कातडीवर निभावले.

आणि आता ज्या साक्षीदाराविषयी मला सर्वांत अधिक लिहावयाचे आहे तो, कलकत्त्याचा अमीर. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा कलकत्त्याच्या वैद्यकीय विद्यालयातील रसायनाचा तरुण आयरिश अध्यापक. पुढे याच गृहस्थाने हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे विणले. १८३९ साली त्याने गांजा-भांगेच्या औषधी गुणांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यामुळे ही वनस्पती पाश्चात्त्य वैद्यकात शिरली. धनुर्वात, संधिवात, पटकी, पिसाळलेल्या कुत्र्याचे विष, अर्भकांचे आचके, अशा नाना व्याधींवर त्याने तिचे प्रयोग केले. पण त्या निबंधाचे खरे लेणे मला वेगळेच वाटते. शहरातल्या भांगबाजांचा जो एक नामांकित अड्डा होता, त्याचा मालक अमीर, जो या धंद्यातला पहिल्या प्रतीचा कारागीर समजला जाई, त्याच्याकडून ओशॉनेसीने माजूम वारंवार आपल्या डोळ्यांदेखत करवून घेतला आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवली. विद्यालयाचा अध्यापक आणि अड्ड्याचा मालक कोळशाच्या एका शेगडीपाशी बसले आहेत आणि पहिला दुसऱ्याचा शागीर्द झाला आहे, असा प्रसंग त्या काळच्या कंपनी सरकारच्या राज्यात विरळाच.

अमीरची कृती थोडक्यात अशी. कल्हईच्या किंवा मातीच्या भांड्यात पाला आणि समभाग तूप घ्यावयाचे, वर पाणी ओतावयाचे, आणि मंद निखाऱ्यावर एकसारखे ढवळीत राहावयाचे. सगळे पाणी आटले की तूप भांड्याच्या कडांना तडतडू लागते. घड्याळ नाही, तापमापक नाही, ती तडतड हीच खूण. मग गरम असतानाच ते फडक्यातून पिळून घ्यावयाचे आणि चोथा फेकून द्यावयाचा. हिरवे तूप थिजले की ते हातांनी पाण्यात मळून मळून धुवावयाचे, पाण्याला रंग यावयाचा थांबेपर्यंत. शेवटी मलमासारखा फिकट हिरवा गोळा उरतो. हे धुवण न चुकता टाकून द्यावे, ते पोटात गेल्यास घसा आवळतो आणि भयंकर लक्षणे होतात, असे अमीरने बजावून सांगितले. तिकडे दुसऱ्या चुलीवर साखरेचा पाक; त्यात थोडे थोडे दूध घालून मळी काढीत काढीत तो तासभर आटवावयाचा; मग उन्हात वाळविलेल्या दुधाची पूड, मग ते धुतलेले तूप, भरभर ढवळणे, गुलाबाच्या अत्तराचे चार थेंब, आणि थंड ताटावर ओतून शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या. शेराचा भाव चार रुपये. नवख्यास जेवढी वडी पुरते, तिच्या तिप्पट मुरलेल्यास लागते, हेही त्याने मापासह सांगितले आहे. आणि हेही, की गिऱ्हाइकाने खास फर्मावल्यास तो त्यात धोत्र्याचे बी घालतो, पण काजऱ्याचे बी कधीच घालीत नाही. अड्डा चालविणाऱ्याचीही एक धर्ममर्यादा असते, ती कोठे संपत होती हे त्यावरून कळते. आणि घरात केलेली भांग व विकत आणलेली भांग यांत लोक भेद का करीत, तेही कळते.

बर्फी करणाऱ्या कोणत्याही घरात ही रीत ओळखीची वाटेल, आणि तिच्यातले शास्त्र आता उघड झाले आहे. १९६४ साली इस्रायलमध्ये मेशूलम व गाओनी यांनी या वनस्पतीतले मुख्य मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते कच्च्या पाल्यात बहुतांशी निष्क्रिय आम्लाच्या रूपात असते, उष्णतेने जागे होते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि स्निग्ध पदार्थात सहज उतरते. अमीरला यातले एक अक्षर ठाऊक नव्हते. पण पाल्याला आधी विस्तव दाखवावा, त्याचा गुण तुपात घ्यावा, आणि पाण्यात उतरणारे जे जे रंगीत-कडू असेल ते धुऊन टाकावे, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. थंडाईतही याच न्यायाने बदाम, खसखस, कलिंगडाच्या बियांचा मगज आणि सायीचे दूध येते. मिरी, बडीशेप, वेलची आणि गुलाबपाकळ्या ही पुढची सजावट.

दुसरी गोष्ट काळाची. ओढलेला गांजा तत्काळ चढतो, म्हणून ओढणाऱ्याला आपली मर्यादा लवकर उमगते. खाल्लेली अथवा प्यायलेली भांग पोटातून, यकृतातून फिरून येते, तेथे अधिक तीव्र रूप घेते, आणि तिला तास-दीड तास, भरल्या पोटी त्याहूनही अधिक वेळ लागतो. नवखा मनुष्य अर्धा तास वाट पाहतो, आपल्याला काहीच झाले नाही म्हणून वडिलांना हसतो आणि दुसरा पेला मागतो. सगळा अनर्थ त्या दुसऱ्या पेल्यात असतो, आणि तो पेला न देणे हे ज्याचे काम, तो घरातला वडील माणूस होय. मोठ्या भावाने धाकट्याच्या पेल्यात नुसते दूध घालून त्याला फसविणे, काकांनी दोन घोटांवर पेला काढून घेणे, गर्भवतीला, पोराबाळांना आणि ज्याच्या घराण्यात वेडाची बाधा आहे अशाला त्या बैठकीपासून दूर ठेवणे, हा लेखी नसलेला कायदा होता, आणि तो मोडणाऱ्याला वर्षभर टोमणे खावे लागत.

या कायद्याला पंचांगाचा पाठिंबा होता. महाशिवरात्र आणि होळी ही उत्तर हिंदुस्थानची दोन ठरलेली निमित्ते. बंगालमध्ये दुर्गाविसर्जनाच्या दिवशी घरोघर सिद्धीचे, म्हणजे भांगेचे, सरबत वाटीत आणि वडिलांच्या पाया पडून ते घेत. पंजाबात निहंग शीख आपल्या छावण्यांत भांग घोटतात, तिला ते सुखनिधान म्हणतात, होला मोहल्ल्याच्या वेळी तर विशेष. मथुरेचे चौबे आणि काशीचे पंडे यांची गोष्ट निराळी, त्यांना रोजच सण. काशीस सायंकाळी मंडळी कुंडी-सोटा, बदाम आणि लंगोट घेऊन गंगेपार जात, तेथे वाटणे, पिणे, नाहणे आणि मग भरपेट जेवणे हा दिनक्रम होता. त्या शहरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आमच्या दक्षिणी घराण्यांतही ही सवय कित्येकांच्या अंगी मुरली. वाटणे हा त्यातला मोठा भाग. दगडावर पाण्याचा हात लावीत लावीत, गोळा लोण्यासारखा होईपर्यंत वाटावयाचे म्हणजे पाऊण तास जातो, आणि तेवढ्या वेळात पिणाऱ्याचा उतावळेपणाही वाटला जातो. कुमाऊँ-गढवालकडे तर या झाडाचे बीच तेवढे खाण्यात आहे. भाजून, मीठ-मिरची-लिंबू घालून त्याची चटणी करतात, ती लहान मुलेही भाताबरोबर खातात, कारण बियांत मद नाही.

महाराष्ट्र या बाबतीत उदासीन. देशावर गोसाव्या-बैराग्यांची चिलीम दिसे, शिमग्याला कोठे कोठे घोटा होई, मुंबईत भुलेश्वर-काळबादेवीकडच्या गुजराती, मारवाडी आणि उत्तरेकडील पेढ्यांवर शिवरात्रीला थंडाईची भांडी निघत. पण नगर जिल्ह्यात उत्कृष्ट गांजा पिकवूनही आमच्या स्वयंपाकघराने या झाडाला कधी आपले म्हटले नाही. शिमग्यात भांग प्यालेल्या मंडळींत एखादा कोरा राहिला तर ती भांगेतली तुळस, एवढाच काय तो भाषेशी संबंध उरला.

१८९३ च्या मार्चमध्ये विलायतेच्या पार्लमेंटात मद्यपाननिषेधवादी सभासद केन यांनी बंगालच्या गांज्याविषयी प्रश्न विचारला, आणि त्यातून हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी एक कमिशन नेमले. पंजाबचे मॅकवर्थ यंग अध्यक्ष. सभासदांत मुंबई इलाख्यातर्फे पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी, आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ. कमिशन प्रांतोप्रांत फिरले आणि त्याने ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. त्यांत मुलकी अंमलदार होते, डॉक्टर होते, मिशनरी होते, शेतकरी आणि मक्तेदार होते. मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी भांगेच्या धार्मिक महत्त्वावर एक टिपण दिले, ते सरकारी कागदात शोभणार नाही इतके रसाळ आहे. भाषापंडित ग्रिअर्सनने संस्कृत-हिंदी वाङ्मयातील उल्लेख गोळा करून दिले. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासताना कमिशनला असे आढळले, की रोग्याच्या कागदावर ‘कारण: गांजा’ हा शेरा पुष्कळदा पोलिसाने चौकशीवाचून ठोकून दिलेला असे आणि डॉक्टर तोच उतरून घेत; म्हणजे ज्या आकड्यांच्या बळावर पार्लमेंटात हाकाटी झाली, त्या आकड्यांचा पाया एका शिपायाच्या आळसावर उभा होता. कमिशनचा १८९४ चा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिरेकाने होते, आणि सरसकट बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही; ती केली तर लोक दारूकडे अथवा धोत्र्यासारख्या अधिक घातक द्रव्यांकडे वळतील. लागवडीला परवाना, माल सरकारी देखरेखीच्या कोठारात, त्यावर जकात, दुकानांची संख्या मर्यादित, जवळ बाळगण्याच्या वजनाला हद्द, अशी त्याची व्यवस्था गांज्याला चपखल बसली. आपोआप उगवणाऱ्या भांगेपुढे मात्र त्या विद्वान मंडळानेही हात टेकले.

ही अडचण पुढेही सुटली नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा आणि चरस बद्ध झाले, परंतु फुलोऱ्यावाचूनचा पाला व्याख्येतून वगळला गेला, आणि हिंदुस्थानसारख्या देशांना जुने रिवाज आवरते घेण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. मुदत सरत आली तेव्हा, १९८५ साली, मादक द्रव्यांचा आपला कडक कायदा झाला. त्यातही नुसता पाला व्याख्येबाहेरच राहिला आणि भांगेचा विषय राज्यांवर सोपविला गेला. म्हणून काशीत आणि जैसलमेरात सरकारमान्य भांगेची दुकाने आहेत. त्या दुकानांविषयी मला फारसा आदर नाही. परगावचा प्रवासी उभ्या उभ्या पेला घेतो, करणाऱ्याला त्याचे वय माहीत नाही, प्रकृती माहीत नाही, पेल्यात काय व किती आहे हे पिणाऱ्याला माहीत नाही, आणि दुसरा पेला नाकारणारा काका तर तेथे कोणीच नाही. पानपट्टीवर औषधाच्या वेष्टनात विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची गत याहून वाईट.

मुंबई राज्याने १९४९ साली जो दारूबंदीचा कायदा केला, त्यात भांगही आली, आणि परवान्यावाचून ती करणे, बाळगणे वा पिणे हा गुन्हा ठरला. १९६० मध्ये राज्याची वाटणी झाली तेव्हा तो कायदा दोन्ही वारसांना सारखाच मिळाला. गुजरातने २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या प्रतीतून मादक द्रव्यांच्या यादीतली भांग काढून टाकली. महाराष्ट्राने आपली प्रत तशीच ठेवली. ताप्तीखोऱ्याच्या लोहमार्गावर नवापूर नावाचे स्थानक आहे, त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत पडतो, आणि प्रवासी तेथील बाकावर दोन्ही राज्यांत पाय पसरून बसतात. शिवरात्रीच्या दिवशी त्या बाकावर कोणी थंडाईचा पेला हाती धरून बसला असेल, तर तो कायद्यात बसतो की नाही, हे तो बाकाच्या कोणत्या टोकाला बसला आहे यावर ठरावयाचे.